चार्ज घेतला कॉकटेलचा!

बँकेत बदली झाली की चार्ज घ्यावा लागतो. किल्ल्या, रजिस्टरं, कॅश... सगळं मोजून, सही करून. सेनगावला रुजू झाले तेव्हा माझ्या चार्जमध्ये एक आयटम जास्तीचा होता. पिंजरा एक, पक्षी एक. आधीच्या ऑफिसरची बदली पार आसामात झालेली, पक्षी तिकडे नेणं जमणार नव्हतं. ‘फार गोड आहे हो, शीळ घालतो,’ एवढं सांगून ते बसमध्ये बसले.

पुण्यातल्या ग्रुपला फोनवर सांगितलं, ‘मी कॉकटेल घेतलंय!’ सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘सेनगावात मिळतं?’

तर मंडळी, हा कॉकटेल म्हणजे कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचा, काकाकुव्यांच्या खानदानातला सगळ्यात छोटा मेंबर. राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर तुरा. वजन जेमतेम ९० ग्रॅम. नाव बंड्या.

हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी माझं कुणीच नव्हतं. ब्रँच, मेस, खोली, बस्स. त्यामुळे मला घाई झाली होती. बंड्यानं माझ्याशी दोस्ती करायला हवी, तीही ताबडतोब! इथंच माती खाल्ली.

पहिल्या आठवड्यातला गोंधळ

पिंजरा टांगला खोलीच्या मधोमध, फॅनखाली. मग समोर तोंड नेऊन ‘बंड्या, बंड्या’. तो तुरा डोक्याला चिकटवायचा, सापासारखा फुत्कारायचा आणि पार कोपऱ्यात जायचा. तिसऱ्या दिवशी मी सरळ हात घालून त्याला पकडलं. म्हटलं, एकदा खांद्यावर बसला की कळेल त्याला, मी किती चांगली आहे ते. त्यानं बोट फोडलं. माझं रक्त निघालं आणि त्याचा आवाजच बंद झाला.

त्यात माझा हेल्थ-फंडा! त्याच्या नेहमीच्या सूर्यफुलाच्या बिया बंद केल्या आणि मोड आलेले मूग, मेथी सुरू केली. त्यानं ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी घरमालकीण मावशी म्हणाल्या, “अगं, ह्यानं घाण केलीच नाही आज.” तेव्हा ट्यूब पेटली. पोटात काही गेलंच नव्हतं.

पुण्याच्या एका पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी झापलं, मग समजावलं. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही महाग पडतो. नव्या घरात आधी जुनंच खाणं द्यायचं, बदल नंतर, काही आठवडे घेऊन. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करायचं, कारण आजारी पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करतो. बंड्या बसलेली दांडीच काट्यावर ठेवली. आधीच्या साहेबांच्या वहीत ९२ ग्रॅम होते, काट्यावर ८५.

“आणि तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघता ना?” डॉक्टर म्हणाले. “समोरून रोखलेले दोन डोळे म्हणजे मांजर. वरून येणारा हात म्हणजे शिक्रा. त्याच्या मेंदूत हेच लिहिलंय.”

लाइट गेली...

त्या दिवशी जुन्या बिया परत आल्या, वजन हळूहळू सावरलं. पण जूनच्या एका रात्री वादळ झालं आणि वीज गेली. अंधारात पिंजऱ्यात नुसता थयथयाट. कॉकटेल अंधारात दचकून असे सैरावैरा धडकतात, हे मला नंतर कळलं. टॉर्च मारला तर पंखावर रक्त. नवं उगवणारं पीस मोडलं होतं. अशा पिसाच्या नळीत रक्त असतं.

मावशी हळदीचा डबा घेऊन धावत आल्या. हिंगोलीकडे दुसरं काय सुचणार! डॉक्टरांनी फोनवर कॉर्नफ्लॉवर लावून दाबून धरायला सांगितलं. टॉवेलात गुंडाळलेली ती इवलीशी धडधड माझ्या तळहातात होती. काही मिनिटांत रक्त थांबलं. उरलेली रात्र मी टॉर्च जमिनीवर ठेवून, भिंतीला टेकून बसले. हाक नाही, हात नाही. उजाडता उजाडता तो वाटीपाशी आला आणि माझ्यादेखत दाणे टिपू लागला. पहिल्यांदाच!

मावशींचा फॉर्म्युला

रविवारी मावशी ज्वारी निवडायला माझ्या खोलीत बसल्या. पिंजऱ्याकडे पाठ, तोंडानं काहीतरी गुणगुणणं. आणि बंड्या? हळूहळू दांडीवरून सरकत त्यांच्या बाजूला!

मी जाम जळले. मावशी हसल्या. “तू त्याच्याकडं लईच बघतीस. नव्या नवरीला समद्यांनी मिळून टकामका बघितलं तर ती जेवल का? आपलं काम कर. येईल की त्याचं तो.”

मग मी पिंजरा कोपऱ्यात हलवला. दोन बाजूंना भिंत, उंची छातीएवढी. रात्री चार्जिंगचा छोटा दिवा. रोज संध्याकाळी त्याच वेळी बाजूला तिरकं बसून बँकिंगच्या परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं वाचायचा. केवायसीचे नियम इतके मन लावून कुणी ऐकले नसतील! गजांतून राळ्याचं कणीस पुढे करायचं. तो मागे झुकला की मी लगेच हात मागे घ्यायचा. मन दुखायचं, पण घ्यायचा.

बाराव्या दिवशी त्यानं एक दाणा घेतला. सहाव्या आठवड्यात बोटावर एक पाय ठेवला, मग दुसरा. तेव्हा कळलं, मी इतके दिवस त्याला ‘हो’ म्हणायला लावत होते. त्याचं ‘नाही’ मी ऐकते, याची खात्री पटल्यावर त्यानं ‘हो’ म्हटलं.

परवा ब्रँचमधून उशिरा आले. कुलपात किल्ली फिरवली आणि आतून शीळ आली. लांबलचक, थोडी बेसूर. सेनगावात कुणीतरी माझी वाट बघत होतं!

तुम्हीही पक्षी आणताय?

* आपला हिरवा पोपट अजिबात नको. गल्लीतल्या पोरानं मलाही ढोलीतलं पिल्लू ऑफर केलं होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. बजरीगर आणि कॉकटेल परदेशी असल्यानं चालतात.

* पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याचा धूर पक्ष्याचा जीव घेतो. अव्होकॅडो आणि चॉकलेटही विषच.

* खोलीत मोकळं सोडण्याआधी फॅन बंद, खिडक्या बंद.

* तालुक्याला डॉक्टर असतात, पण बहुतेक गुराढोरांचे. पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर आधीच सेव्ह करा. मराठवाड्यात परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

* कॉकटेल १५-२० वर्षं जगतो. तेवढ्यात तुमच्या किती बदल्या होतील, ते आधी मोजा. माझी पुढची ऑर्डर येईल तेव्हा चार्जलिस्टमध्ये बंड्या नसेल. तो माझ्याबरोबर येतोय.