टर्बोची मोटार : हवा वाढली, पेट्रोल वाढले का?



लोहाराचा भाता तुम्ही पाहिलेला आहे. बेताने ओढला तर फाळ घडतो. ओढतच राहिले तर लोखंड जळून जाते. टर्बो म्हणजे मोटारीचा भाताच म्हणा ना. फरक एवढाच, की तो ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

हा दाब, ज्याला बूस्ट म्हणतात, हल्ली तरुण मंडळी हौसेने वाढवून घेतात. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांच्या चिरंजिवांनी असाच वाढवून घेतला. सपाट रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळे. एके दिवशी कसारा घाट चढताना टकटक ऐकू आली, त्यांनी गाणे मोठे केले. वर पोचेपर्यंत पिस्टनची कड वितळली होती. दोन वर्षांची शिल्लक त्या इंजिनात गेली.

असे का झाले? एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन जोर लावत असताना मात्र १२ किलो हवेमागेच एक किलो पेट्रोल द्यावे लागते, कधी थोडे जास्तही. जास्तीचे पेट्रोल जळत नाही. ते आतली उष्णता शोषून घेते. बूस्ट १ बार झाले की आत जाणारी हवा जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे पेट्रोलही दुप्पट पाहिजे. ते मागे राहिले, की ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. हेच ते नॉकिंग, तीच ती टकटक. (ट्रॅक्टरवाल्यांनी इथे घोटाळा करू नये. डिझेल इंजिनात उलटे आहे : तिथे इंधन जास्त झाले की काळा धूर निघतो आणि उष्णता वाढते.)

ही धास्ती जुनीच. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर ही टर्बोची मोटार बाजारात आणली. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडण्याची व्यवस्था तिच्यात होती, आणि ती टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप कमी करणारी झडपही होती. मालक टाकी भरायला विसरणार, हे कंपनीने ओळखले होते. आजच्या गाड्यांतही बूस्ट फार वाढले तर पेट्रोल तोडण्याची सोय असते. पण बदल करणारे पुष्कळदा आधी तीच मर्यादा वर सरकवतात. मला हे मुळीच पसंत नाही.

आता तपासणी. इंजिन थंड असताना पेट्रोलचा वास कुठे येतो का ते पाहा. मग वेस्टगेट पाहा. जादा वायू बाजूने सोडणारे हे छोटे दार. दाबाची खबर त्याला एक करंगळीहून बारीक रबरी नळी देते. ती नळी चिरली किंवा निसटली, तर दार उघडतच नाही आणि बूस्ट चढत जाते. थोड्या पैशांची नळी, पण सगळे इंजिन तिच्या भरवशावर.

त्यानंतर पेट्रोलचा दाब. पुष्कळ गाड्यांत बूस्ट जेवढे वाढेल तेवढाच हा दाबही वाढला पाहिजे : मुळात ३ बार असेल, तर १ बार बूस्टला ४ बार. दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेची नळी काढून हातपंपाने १ बार हवा द्या, मीटरवर फरक दिसलाच पाहिजे. एवढ्यावर मात्र थांबू नका. दाब वाढला की पंप टाकीतून कमी पेट्रोल देतो. जुना फिल्टर, झिजलेली वायर यांनी तो आणखी मंदावतो, आणि उभ्या गाडीत हे कळत नाही.

म्हणून धुराड्यात वाइडबँड सेन्सर बसवावा. गाडीतला साधा ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच नीट सांगतो. सुरुवात कमी बूस्टवर करावी, तीही वर्कशॉपमधल्या रोलरवर, आणि मीटर वाचायला दुसरा माणूस बसवावा. पूर्ण जोरात आकडा १२ सोडून १३ कडे सरकू लागला, की लगेच पाय उचलावा. पेट्रोलात इथेनॉल जास्त असेल तर हे आकडे खाली सरकतात, म्हणून लॅम्डा दाखवणारे मीटर बरे.

त्या चिरंजिवांच्या गाडीत पंप, नळ्या सगळे ठाकठीक निघाले. टाकीत मात्र पेट्रोल तळाला होते. चढावर ते मागे सरकले आणि पंपाने हवा ओढली. घाटाआधी टाकी निम्मी तरी भरून घ्या.