जुनी मॅग्नम रायफल घेतांना

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत एल्क जातीच्या हरणाच्या शिकारीस निघालेला मनुष्य दिवसभर चढण चढत असतो. खांद्यावरील शेरभर ओझेंही त्यास जड होतें. साहजिकच, हलकी परंतु जोरकस अशी जुनी मॅग्नम रायफल स्वस्तांत दिसली, कीं त्याचें मन मोहून जातें.

इंग्लंडांतील हॉलंड अँड हॉलंड या पेढीनें १९१२ सालीं .३७५ व १९२५ सालीं .३०० मॅग्नम काडतूस काढलें, विंचेस्टरचें.३०० मॅग्नम १९६३ सालचें. यांत दारू अधिक, म्हणून गोळीस वेग अधिक आणि धक्काही अधिक. काडतूस तेंच ठेवून रायफलीचें वजन ४ किलोंवरून ३ किलोंवर आणलें, तर धक्क्याची ऊर्जा एकतृतीयांशानें वाढते. त्या धास्तीनें नेम ढळतो, आणि जनावर जखमी होऊन रानांत तडफडतें.

म्हणून सौद्यापूर्वीं रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरून पाहावी. उष्ण वायूंनीं काडतुसाच्या घरापुढील आटे झिजतात. नळीच्या तोंडाची कड दुखावली असल्यास नेम बिघडतो. दस्त्यावरील बारीक चीरही धक्क्यानें वाढते. बंद खटका व काडतुसाचें बूड यांतील अंतर प्रमाणाबाहेर असल्यास काडतूस फुटून डोळ्यांवर बेततें. तें कुशल कारागिराकडूनच मापून घ्यावें.

१९६४ पूर्वींच्या विंचेस्टर मॉडेल ७० रायफलींस आजही चढी किंमत येते. परंतु नांव मोठें म्हणून नळी निर्दोष ठरत नाहीं.