ताऱ्यांमागची नोंदवही

शेजारच्या काकांनी २०२३च्या एप्रिलमध्ये दीड टनाचा एसी घेतला. बसवणारी माणसं गेल्यावर ते आमच्याकडे आले, माझ्या एसीकडे बघितलं आणि हिरमुसले. "तुझा फाइव्ह स्टार आहे की रे! मला दुकानदाराने फोर स्टार दिला."

मी स्टुलावर चढलो आणि मोबाईलच्या उजेडात माझ्या २०१९च्या एसीवरचं लेबल वाचलं. आयएसईईआर, म्हणजे गारवा आणि त्याला लागणारी वीज यांचं हंगामी गुणोत्तर, ४.६. मग काकांच्या घरी जाऊन त्यांचं वाचलं. ४.७. "काका, तुमचाच चांगला आहे. तेवढ्याच गारव्याला वीज थोडी कमी लागेल." त्यांना काही ते पटेना. तारा तर एक कमीच होता!

उत्तर त्याच लेबलावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. लेबलाचा कालावधी. २०१८च्या तक्त्यात आयएसईईआर ४.५ झाला की पाच तारे मिळत. जुलै २०२२पासून पाच ताऱ्यांची पायरी ५ वर गेली आणि ४.४ ते ४.९९ या टप्प्याला चार तारे आले. म्हणजे माझाच एसी २०२३मध्ये नव्याने नोंदवला असता तर तोही फोर स्टार ठरला असता. त्या दिवसापासून या ताऱ्यांमागे कोण आणि काय लिहून ठेवतं, याचा मी नाद घेतला.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याखाली १ मार्च २००२ रोजी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, स्थापन झाली. कार्यालय दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सेवा भवनात. ताऱ्यांची योजना २००६च्या मे महिन्यात फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि ट्यूबलाइटपासून सुरू झाली, तेव्हा ऐच्छिक होती. जानेवारी २०१०पासून काही उपकरणांना ती सक्तीची झाली आणि यादी वाढत गेली. छताचे पंखे सक्तीत यायला जानेवारी २०२३ उजाडला.

आपल्याला दिसतं ते लेबल. खरी यंत्रणा त्याच्यामागच्या पोर्टलवर चालते. कंपनीने आधी स्वतःची नोंद करायची, मग ब्रँडची, मग एकेका मॉडेलची. सोबत एनएबीएल या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडायचा. छाननी होऊन मंजुरी मिळाली की लेबल लावता येतं आणि लेबलामागे शुल्क भरावं लागतं. ऐकायला हे एखाद्या ऑनलाइन अर्जासारखं साधं वाटतं. पण अशी प्रणाली बांधायला बसलं की पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे "मॉडेल" कशाला म्हणायचं? एकच फ्रिज, दाराचा रंग आणि फुलांची नक्षी बदलून पाच नावांनी विकला जातो. पाचही वेगळे धरले तर पाच चाचण्यांचा खर्च. एकच धरले तर उद्या कुणी नक्षीबरोबर कॉम्प्रेसरही बदलला तर कळायचं कसं? म्हणून एक मूळ मॉडेल, त्याला जोडलेली भावंडं आणि कोणता भाग बदलला की नातं तुटतं याचे नियम, एवढं सगळं आधी ठरवावं लागतं. संगणकाचं काम त्यानंतरचं.

दुसरा प्रश्न काकांचा. तारे किती, हे यंत्राच्या नावापुढे नुसतं लिहून ठेवलं तर ती नोंद काही वर्षांनी खोटी ठरते. मोजलेला आकडा एका रकान्यात हवा, चाचणीची तारीख दुसऱ्यात आणि कोणत्या मुदतीच्या तक्त्याने तारे ठरले ते तिसऱ्यात. तक्ता बदलला म्हणून जुना तक्ता पुसायचा नाही. एसी भिंतीवर दहा-दहा वर्षं टांगलेला असतो, तेवढी वर्षं त्याची नोंदही उत्तर द्यायला जागी पाहिजे. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

युरोपने वेगळी वाट धरली होती. तिथे अक्षरं होती. यंत्रं सुधारत गेली तशी 'ए'पुढे अधिकची चिन्हं चढत गेली, तीन अधिकांपर्यंत. अखेर मार्च २०२१मध्ये काही उपकरणांसाठी सगळं पुसून पुन्हा ए ते जी अशी पट्टी आणली आणि लेबलावर क्यूआर कोड छापला. तो स्कॅन केला की थेट 'एप्रेल' नावाच्या सरकारी नोंदवहीत जाता येतं. तिथे नोंद करणं जानेवारी २०१९पासून बंधनकारक आहे. आपण तारे पाचच ठेवले आणि पायऱ्या उंच करत गेलो. मला आपली पद्धत आवडते, कारण गिऱ्हाईकाला नवी खूण शिकावी लागत नाही. मात्र त्यात तारखेला फार महत्त्व येतं आणि ती लेबलावर ठळक दिसायला हवी.

आकडा येतो कुठून, हेही बघण्यासारखं आहे. एसीची चाचणी होते तेव्हा आतली बाजू २७ अंशांवर आणि बाहेरची ३५ अंशांवर धरून ठेवतात. इन्व्हर्टर एसी अर्ध्या ताकदीवरही चालवून बघतात. मग बाहेर २४ ते ४३ अंश तापमान आणि वर्षाला १६०० तास वापर असं गृहीत धरून हंगामाचा हिशेब मांडतात. नागपूरच्या उन्हाळ्याला हे तास पुरत नाहीत आणि महाबळेश्वरला ते संपत नाहीत. लेबलावरचे वर्षाचे वीज युनिट दोन यंत्रांची तुलना करायला आहेत, बिलाशी ताडून बघायला नाहीत.

पंख्याचं गणित त्याहून सोपं आहे. मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली, भागिले वॅट. नेहमीच्या मोठ्या पंख्याने २१० घनमीटर हवा ३५ वॅटमध्ये दिली तर उत्तर ६, म्हणजे २०२३च्या तक्त्यात पाच तारे. तेवढीच हवा द्यायला ७५ वॅट घेणारा जुना पंखा २.८ वर अडकतो. त्या तक्त्यात एका ताऱ्याची पायरी ४ ला होती. घरोघरी दिवसरात्र फिरणाऱ्या वस्तूत एवढी तफावत असताना हे लेबल इतक्या उशिरा सक्तीचं व्हावं, याची मला खरोखर खंत वाटते.

कंपनीने पाठवलेला अहवाल खरा कशावरून? त्यासाठी बीईई नग उचलून स्वतः तपासणी चाचणी करते. नापास झाल्यास दुप्पट नगांवर फेरचाचणी होते. कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात या कायद्याचं काम पुण्याच्या महाऊर्जा या संस्थेकडे आहे. दुकानात उभा असलेला तपासनीस लेबलावरचं मॉडेल नोंदवहीशी ताडून बघू शकतो आणि बीईईच्या मोबाईल ॲपमुळे तेच आपल्यालाही करता येतं.

काकांना मी ते ॲप उतरवून दिलं. त्यांनी आधी स्वतःचं मॉडेल शोधलं, ४.७ दिसताच चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग लेबलाचा फोटो काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची प्रिंट आणली आणि वॉरंटी कार्डाच्या पाकिटात घालून ठेवली. पाकिटावर पेनाने लिहिलं: "मुदत बघणे."