नाकामागची न दिसणारी गाठ

मुलाने ‘आ’ केला की टॉन्सिल दिसतात, अ‍ॅडेनॉइडची गाठ मात्र दिसत नाही. ती नाकाच्या मागे, टाळूच्या वर दडलेली असते. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी टाळूमागे बोट घालून ती चाचपली आणि १८६८ साली तिच्याविषयी लिहिलं. तोंडाने श्वास घेणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या कितीतरी मुलांच्या त्रासाचं मूळ त्यातून उमगलं. त्या शहरात त्यांचा पुतळा उभारला गेला, तो योग्यच होता.

ही गाठ बालपणी वाढते आणि किशोरवयात आपोआप आक्रसते. म्हणून झोपेत श्वास अडकत असेल किंवा कानात पाणी साचून राहत असेल, तेव्हाच ती काढणं योग्य. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच ती काढतात. बाहेर टाका नाही, व्रण नाही. पण जखमही नजरेआड राहते, हे घरच्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

मुख्य धोका रक्तस्रावाचा. तो क्वचितच होतो, बहुधा पहिल्या २४ तासांत, कधी आठवडाभराने खपली सुटताना. झोपलेलं मूल रक्त गिळत राहतं, त्यामुळे उशीवर डागही पडत नाही. ते झोपेत सारखं गिळत असेल, तर उठवून तोंडात पाहावं. पहिल्या दिवशी काळपट उलटी झाली, तर ते बहुधा शस्त्रक्रियेतलं गिळलेलं रक्त असतं. लालभडक रक्त दिसलं की मात्र तडक रुग्णालय गाठावं.

काही दिवस आवाज गेंगाणा होतो, तोंडाला वास येतो, कान दुखतो. गेंगाणेपणा दोन-तीन महिन्यांनंतरही टिकला, पाणी नाकातून येऊ लागलं, तर टाळू नीट मिटत नाही असं समजावं. दुभंगलेली पडजीभ याची आगाऊ सूचना देते, म्हणून ती शस्त्रक्रियेपूर्वीच तपासायला हवी. मान एका बाजूला वाकडी होऊन वळेनाशी झाली, तर ‘अवघडली असेल’ म्हणून चोळू नये. मानेचे वरचे मणके सरकल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

दुखण्यावर वजनानुसार पॅरासिटामॉल पुरतं. अ‍ॅस्पिरिन नको, कोडीनही नको: काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्याने मॉर्फिन होऊन श्वास मंदावतो. मुलांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर ते देण्यास मनाई केली. मऊ भात, पेज, गार दूध द्यावं. पाणी तर घोटघोट पाजतच राहावं. नाक जोरात शिंकरू देऊ नये. दोनेक आठवडे पोहणं आणि दंगामस्ती बंद. काही मुलांत गाठ पुन्हा वाढते, तेव्हा घोरणं परतलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पुन्हा जावं.