ठेकेदाराला आमदार होता येतं का?

होता येतं. दुकान, कारखाना, बांधकाम, कुठलाही धंदा करणारा माणूस विधानसभेला उभा राहू शकतो. कायद्याला अडचण वाटते ती गिऱ्हाईक सरकार असेल तेव्हा. आमदाराने सरकारला जाब विचारायचा, खर्चाच्या मागण्यांवर मत द्यायचं आणि त्याचंच बिल मंत्रालयात पडून असायचं, हे जमणार कसं? म्हणून लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये कलम ९अ आहे. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा ठेका तुम्ही आपल्या धंद्यात घेतला असेल, तर तो चालू असेपर्यंत तुम्ही आमदारकीला अपात्र. ठेका संपला की अपात्रताही संपली.

वाचायला सोपं वाटणाऱ्या या कलमात खरा घोळ 'चालू' म्हणजे काय आणि 'तुम्ही' म्हणजे कोण, इथे होतो. तो समजून घ्यायला भंडाऱ्याचा खटला पाहू.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चतुर्भुज विठ्ठलदास जसानी भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. मूळजी सिक्का आणि कंपनी या बिडी बनवणाऱ्या फर्मचे ते भागीदार. फर्म सैनिकांसाठी केंद्र सरकारला बिड्या पुरवत होती. निवडीला आव्हान मिळालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. करार घटनेत सांगितलेल्या रीतसर स्वरूपात झालेला नाही, म्हणून तो धरू नये, हा बचाव टिकला नाही. माल पोचवला म्हणजे करार संपला, हेही न्यायालयाने मानलं नाही. पैसे चुकते होईपर्यंत करार जिवंत राहतो आणि भागीदाराचा त्यात हितसंबंध असतो, असा निकाल १९५४ मध्ये लागला. निवडणूक रद्द झाली. त्यानंतर भंडाऱ्यात झालेल्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले, हे अनेकांना आठवत असेल. ती निवडणूक घ्यावी लागली, त्यामागे बिडीच्या ठेक्याचाही हात होता.

तेव्हाचं कलम फार रुंद होतं. करारात कसलाही वाटा किंवा हितसंबंध असला तरी माणूस अडकायचा. १९६६च्या दुरुस्तीने आलेलं कलम ९अ अरुंद आहे. आता ठेका स्वतः घेतलेला असावा लागतो. शिवाय खुलासा जोडलेला आहे की, ठेकेदाराने आपलं काम पूर्ण केलं असेल आणि फक्त सरकारने बिल दिलं नसेल, तर करार चालू आहे असं मानायचं नाही. थकलेल्या बिलांपायी कुणाची उमेदवारी जाऊ नये, हा त्याचा अर्थ.

म्हणून काम अर्धवट असताना अर्ज भरणं धोक्याचं ठरतं. कर्नाटकातल्या भालकी मतदारसंघाचा निकाल याचं उदाहरण आहे. तिथून निवडून आलेले प्रकाश खंड्रे सरकारी कामांचे ठेके चालू असल्यामुळे अपात्र ठरले, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आपोआप विजयी ठरवता येणार नाही, असंही सांगितलं.

आता 'तुम्ही' म्हणजे कोण ते पाहू. भागीदारी फर्मला भागीदारांपासून वेगळं अस्तित्व नसतं, त्यामुळे भागीदाराने जपूनच राहावं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र कायद्याने स्वतंत्र व्यक्ती. ठेका कंपनीच्या नावावर, आमदार फक्त भागधारक, तर कलम ९अ त्याच्यापर्यंत पोचत नाही. कलम १० नुसार ज्या कंपनीत सरकारचं किमान २५ टक्के भांडवल आहे, तिचा व्यवस्थापक किंवा सचिव अपात्र ठरतो. त्यातून सहकारी संस्था वगळल्या आहेत. ज्या राज्यात साखर कारखान्यातून विधानसभेत जाण्याची वाट मळलेली आहे, तिथे या दोन शब्दांचं वजन वेगळं सांगायला नको.

ही दारं ओलांडली की उमेदवारी अर्ज. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. खर्चासाठी वेगळं बँक खातं लागतं. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. तो न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडीला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. आमदार झाल्यावर नवा ठेका घेतला, तर निर्णय राज्यपाल करतात, पण निवडणूक आयोगाच्या मतानुसार.

मंत्रिपद मिळालं तर आणखी एक पायरी. मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार धंद्याच्या कारभारातून बाहेर पडावं लागतं. एरवी मालकी सोडावी लागत नाही, पण सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्यातला हितसंबंध साधारणपणे सोडावा लागतो. मात्र ही संहिता म्हणजे कायदा नव्हे, ती पाळून घेणं मुख्यमंत्र्यांच्या हाती.

मग कंपनीआडच्या ठेक्यांवर लक्ष कोण ठेवणार? हे काम कायद्याने मतदारावर सोपवलं आहे. अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ या प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, कर्जं, सरकारी देणी आणि प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न लिहावं लागतं. २०१८च्या 'लोक प्रहरी' निकालानंतर त्यात सरकारी करारांचे रकाने आले. उमेदवाराचे, जोडीदाराचे, भागीदारी फर्मचे आणि त्यांचे शेअर असलेल्या प्रायव्हेट कंपन्यांचेही करार तिथे नोंदवायचे असतात. पूर्वी ज्या हितसंबंधाने निवड रद्द होत असे, तो आज बराचसा फक्त जाहीर करावा लागतो.

प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत पाहता येतात. वर्तमानपत्रं त्यातला मालमत्तेचा आकडा छापतात, चर्चाही त्याचीच रंगते. पण कोटींचा आकडा माणूस किती श्रीमंत आहे एवढंच सांगतो. तो सभागृहात सरकारला मोकळेपणाने प्रश्न विचारू शकेल का, याचा अंदाज करारांच्या रकान्यांतून येतो. आपल्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडाल तेव्हा आधी ते वाचा.