हिवाळ्यातील पिवळे गवत आणि बिछायतवाल्याचे डिपॉझिट

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत लग्नकार्ये आता गल्लीतल्या शामियान्यातून उठून शहराबाहेरच्या लॉनवर गेली आहेत. या लॉनच्या मागे आपल्या अनेक बांधवांची रोजीरोटी आहे. बिछायत केंद्रवाले, डेकोरेशनवाले, बावर्ची, लाईटवाले, माळी, सारे त्यावर जगतात. मी कापडाचा व्यापारी. झालरी, पडदे, गालिचे या मंडळींना विकतो, म्हणून त्यांची सुखदुःखे दुकानावरच कानी पडतात. दर हिवाळ्यात एक तक्रार ठरलेली असते. कार्यक्रम आटोपला, बिछायत उचलली, खाली गवत पिवळे दिसले आणि लॉनमालकाने डिपॉझिटमधून रक्कम कापली. गवत मंडपाने मेले की थंडीने पिवळे पडले, याची तपासणी कोणी करत नाही. कारागीर बिचारा गप्प बसतो, कारण पुढचे कामही त्याच मालकाकडे असते.

तेव्हा आधी हे गवत काय आहे ते समजून घेऊ. आपल्याकडील बहुतेक लॉनवर हरळीच असते. उर्दू-हिंदीत तिला दूब म्हणतात. नर्सरीवाले तिची सुधारित जात वेगळ्या नावाने व वेगळ्या भावाने विकतात, पण वंश तोच. गंमत अशी की, कपाशीच्या शेतातून हीच हरळी खणून काढण्यासाठी शेतकरी मजुरी मोजतो आणि शहरात हीच लावण्यासाठी मालक पैसे मोजतो.

हरळी उष्ण हवेचे गवत आहे. २७ ते ३५ अंश सेल्सिअस तिला चांगले मानवते. जमीन १५-१६ अंशांखाली उतरली की वाढ थांबत येते आणि १० च्या आसपास पात्याचा हिरवा रंग जातो. मात्र जमिनीलगतचे खोड आणि मुळे जिवंत असतात, त्यात पुढच्या वाढीची शिदोरी साठवलेली असते. वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतो, पण दुपारी २८-३० पर्यंत चढतो. म्हणून उत्तर भारतासारखी इथली हरळी गाढ झोपत नाही, डुलकी घेते. कुठे पिवळी, कुठे हिरवी, असा तिचा चेहरा दिसतो आणि नवख्या माणसाला तो रोग वाटतो.

अडचण अशी की गवताच्या विश्रांतीचे दिवस तेच आपल्या धंद्याच्या गर्दीचे दिवस. तुळशीच्या लग्नानंतर हिंदू बांधवांच्या तारखा सुरू होतात. आपल्याकडे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ साली तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, म्हणजे त्याआधी उरकायचे निकाह जानेवारीच्या थंडीत आले. उन्हाळ्यात तुडवलेले गवत, पाणी मिळाले तर, दोन-तीन आठवड्यांत भरून येते. थंडीत वाढच नसल्याने झालेली जखम तशीच राहते.

पिवळेपणा दिसला की मालक घाबरतो आणि माळ्याला युरिया टाकायला लावतो. हा पैसा मातीत जातो. झोपलेले गवत खत खात नाही आणि थोडे खाल्लेच तर कोवळी पाती फुटतात, ती पुढच्या थंड रात्री करपतात. नत्र द्यायचे ते दसऱ्याच्या सुमारास, सोबत थोडे पालाश. त्याने मुळे थंडीला तयार होतात. कापणीची उंचीही त्याच वेळी वाढवावी. मुळापर्यंत हजामत केलेले लॉन थंडीत हमखास उघडे पडते.

पाण्याचेही तसेच. रोज संध्याकाळी फवारा मारल्याने हिरवेपणा येत नाही, रात्रभर पाती ओली राहून बुरशी येते. आठ-दहा दिवसांनी एकदा, सकाळी, खोलवर पाणी पुरते. कार्यक्रमाआधी तीन दिवस पाणी बंद ठेवावे. आपली काळी माती ओली असताना सामानाचा ट्रक आत आला तर चाकोऱ्या पडतात, माती दाबली जाते, आणि अशा जागी हरळी मार्चमध्येही उठत नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे असते. हरळी खारेपणा बऱ्यापैकी सोसते, तरी पावसाने मीठ धुऊन जाण्याचे दिवस संपल्यावर ते वर साचू लागते. तेथे मालकाने सरकारी प्रयोगशाळेत माती-पाणी तपासून घ्यावे, मगच कारागिरावर बोट ठेवावे.

आता आपल्या बाजूचे. सुती जाजम किंवा सतरंजी हवा आत जाऊ देते. रबर लावलेला गालिचा किंवा प्लास्टिकची ताडपत्री देत नाही. एका रात्रीने फारसे बिघडत नाही. परंतु तीन कार्यक्रम लागोपाठ आहेत म्हणून ताडपत्री तशीच सोडली तर दुपारच्या उन्हात खाली गवत वाफेवर शिजते. मजुरी वाचवण्यासाठी हा आळस पुष्कळ ठिकाणी होतो आणि त्याची भरपाई मागितली तर मालकाचे चुकते असे मी म्हणणार नाही. भटारखान्याचे नुकसान त्याहून मोठे. बिर्याणीच्या तांदळाचे उकळते, मिठाचे पाणी बाजूच्या गवतावर ओतले की तेथे उष्णता आणि मीठ दोन्ही एकदम पोहोचतात. भट्टी आणि देग नेहमी मुरुमावर किंवा फरशीवर, आणि पाणी नालीत.

थंडीचा पिवळेपणा आणि बिछायतीचा डाग ओळखणे अवघड नाही. थंडीचा रंग सगळीकडे पसरलेला असतो, सखल भागात जास्त, दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत कमी. बिछायतीचा डाग सरळ काठाचा असतो, गालिच्याच्या मापाचा. शंका राहिली तर खोड नखाने खरवडून पाहावे. आत पांढरे, टणक असेल तर गवत जिवंत आहे. तपकिरी होऊन काडीसारखे मोडले तर मेले. याहून पक्के हवे असेल तर वीतभर गवत मातीसकट कुंडीत लावून उबदार, उन्हाच्या जागी ठेवावे, पाणी द्यावे. जिवंत असेल तर दोन आठवड्यांत हिरवे फुटते.

हिवाळ्यात हिरवे दाखवण्याच्या दोन युक्त्या परदेशात चालतात. अमेरिकेत ऑगस्टाच्या नामांकित गोल्फ मैदानावर शरदात हरळीवर राय गवताचे बी पेरतात. ते थंडीत हिरवे राहते. आपल्याकडे मार्चचे ऊन त्याला टिकू देणार नाही, आणि तोवर ते हरळीच्याच वाट्याचे ऊन-पाणी खाईल. दुसरी युक्ती गवताला रंग देण्याची. हा आपल्या पिगमेंट छपाईचाच भाऊ, रंग आत मुरत नाही, वर बसतो. नीट वाळला नाही तर पाहुण्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर उतरेल, मग भरपाई कोणाकडे मागायची?

बिछायतवाल्यांनी एवढे करावे. माल उतरवण्याआधी मालकाला सोबत घेऊन लॉन पाहावे, मोबाईलवर फोटो काढावेत, आणि पिवळे भाग बिलावर लिहून सही घ्यावी. वाद झालाच तर गवतापुरती रक्कम फेब्रुवारीअखेर ठरवायची, असे आधीच बोलून घ्यावे. तोवर रात्री ऊबदार होतात, जिवंत हरळी उठते आणि खरोखर मेलेले तुकडेच मागे राहतात. ते तुकडेही बाजूच्या हरळीचे धुमारे लावून, चाळलेली माती व कुजलेले शेणखत पसरून मार्च-एप्रिलमध्ये भरून येतात. ताजे शेण मात्र नको, त्यातून हुमणी येते. भरपाई द्यायची तर या कामाची, म्हणजे माळ्याच्या काही दिवसांच्या मजुरीची. पूर्ण डिपॉझिटची नाही.