भंडारदऱ्याचा शनिवार

शेंडीच्या चौकात गाड्यांची रांग लागली आहे. जूनचा पहिला शनिवार, संध्याकाळचे सहा. पाऊस अजून उतरलेला नाही. घाटघरच्या अंगाला ढग दाटलेत आणि हवा दमट झाली आहे. मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या एकामागून एक धरणाकडे वळतात. रस्त्याच्या कडेला एक आजी पानांच्या द्रोणांत करवंदं आणि जांभळं मांडून बसली आहे. गाड्यांच्या काचा वर आहेत. कुणी थांबत नाही.

“दुपारपासून दोनच द्रोण गेले,” आजी सांगते. “आधी लोक उतरायचे, चहा घ्यायचे, इचारायचे, काजवा कुठं दिसंल म्हणून. आता समदं तंबूतच भेटतं त्यांना.”

समोरचा खानावळवालाही हेच सांगतो. टेंटच्या पॅकेजमध्ये चहा, भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे सगळं धरलेलं असतं. पाहुणा शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी सकाळी जातो आणि गावाशी त्याचा संबंध येतो तो फक्त गाडी हळू करावी लागते तेवढ्यापुरता. खानावळीत चार बाकं रिकामी आहेत. परातीत मळून ठेवलेलं पीठ ओल्या फडक्याखाली तसंच आहे.

मी पुढे जलाशयाच्या कडेने मुरशेतच्या दिशेने निघतो. 1926 साली पूर्ण झालेलं हे दगडी धरण अकरा टीएमसी पाणी साठवतं. पण जूनच्या तोंडावर ते पाणी प्रवरेतून खाली अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेतांत आणि उसात गेलेलं असतं. तळ उघडा पडलाय. त्या उघड्या, भेगाळलेल्या मातीवर तंबूंच्या रांगा उभ्या आहेत: निळे, केशरी, हिरवे. एका रांगेपाशी दुसरी आणि दुसरीला खेटून तिसरी. प्रत्येकाचा जनरेटर वेगळा, प्रत्येकाचा स्पीकर वेगळा. तीन गाणी एकाच वेळी पाण्यावरून येतात आणि त्यातलं एकही नीट ऐकू येत नाही.

एका टेंटवाल्याकडे बसतो. तरुण पोरगा आहे, इथलाच, वडिलांची भाताची खाचरं आहेत. गर्दी दिसत असूनही तो खूश नाही. “गर्दी आजच्या दिवसाची. सोमवार ते शुक्रवार या, चिटपाखरू नसतं. आणि जे येतात ते परत येत नाहीत. आधी तीच तीच कुटुंबं दरवर्षी फोन करायची. आता दरवर्षी नवं गिऱ्हाईक शोधायचं. शेजाऱ्याने भाडं पाडलं की आपण पाडायचं.” मग तो मनातलं बोलतो: “इथं काहीतरी मोठं पाहिजे. गोव्यासारखी एखादी कॅसिनोची बोट पाण्यात उभी केली तर बाराही महिने लोक येतील.”

शेकोटीपाशी भाकऱ्यांच्या चवडीवर फडकं टाकत असलेला माणूस मान वर करतो. राजूरकडचा गडी, चाळिशीचा. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर त्याने बरीच वर्षं वाढप्याचं काम केलंय आणि आता गावी परतलाय.

“बोट आली म्हणजे गिऱ्हाईक टिकतं, असं कुणी सांगितलं तुला?” तो म्हणतो.

मग तो सांगत जातो आणि मी ऐकत बसतो. मांडवीत सहा बोटी. सगळीकडे तीच टेबलं, तेच पत्ते, तसलंच जेवण, तसाच नाच. गिऱ्हाइकाला एका बोटीवरून दुसरीवर जायला कारण उरत नाही, मग बोटीवाले प्रवेशातच दारू-जेवण घालतात आणि लोक खेळायला कमी, खायला जास्त येतात. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना आत जायला बंदी आहे. “कायदा बरोबरच आहे, घरं बुडत होती लोकांची. पण त्याचा अर्थ असा की बोट ज्या गावात उभी आहे त्या गावाचं तिथं काहीच नाही. बाहेरचा आला तर धंदा, नाही आला तर बंद. कोविडात महिनोन् महिने बोटी नुसत्या उभ्या होत्या. आमचा पगार पहिला गेला.” पुढे कर वाढला. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्स घेतानाच पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. “खेळायच्या आधीच माणूस हरलेला असतो. आणि हरलेला माणूस बोटीवरून उतरताना कसा दिसतो, ते मी रोज पहाटे बघितलंय. तो पुढच्या वर्षी पोराबाळांना घेऊन येत नाही.”

हे शेवटचं वाक्य तो आवाज न चढवता बोलतो. तरुण पोरगा गप्प आहे.

त्याला मी सांगतो की, महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा 1976 सालीच झाला होता. त्याची अंमलबजावणी कधी झाली नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. बरं झालं, असं मला मनापासून वाटतं. मग त्यांना एका गावाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत समुद्रकाठी अटलांटिक सिटी नावाचं गाव आहे. पडत्या काळातलं पर्यटनगाव सावरावं म्हणून तिथे 1978 मध्ये पहिला कॅसिनो उघडला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा तसं दुसरं ठिकाण नव्हतं, म्हणून बसगाड्या भरभरून लोक येत. पण कॅसिनोची इमारतच अशी बांधलेली, की आत आलेला माणूस बाहेर पडू नये: खायला आत, झोपायला आत, खेळायला आत. बाहेरच्या रस्त्यावरची दुकानं, खानावळी वाळत गेल्या. 2006 पासून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जुगाराची यंत्रं आली. घराजवळ तेच मिळायला लागल्यावर तिथवर जाणार कोण? लोकांना तिथे ओढणारं गावाचं असं काही उरलंच नव्हतं. 2014 या एका वर्षात तिथल्या बारापैकी चार कॅसिनो बंद पडले. त्यातला एक तर जेमतेम दोन वर्षांपूर्वी, दोनशे कोटी डॉलरहून जास्त खर्चून उभा राहिला होता.

“म्हणजे आमचं पॅकेजच की,” राजूरचा गडी म्हणतो आणि शेंडीच्या दिशेने बघतो.

आठ वाजून गेले. गाड्या आता काजव्यांच्या झाडांकडे निघाल्या आहेत. मीही चालत जातो.

रस्त्याच्या वळणावर हिरडा आणि सादडा यांची जुनी झाडं आहेत. गावातले एक बाबा काठी टेकवत उभे आहेत, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हाताने खुणावताहेत, दिवे बंद करा म्हणून. मधे काही मिनिटं एकही गाडी येत नाही आणि तेवढ्यात ते दिसतं. एका खालच्या फांदीवर पाच-सहा ठिपके उजळतात, विझतात. शेजारची फांदी तो ठेका उचलते. मग अख्खं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, एकदम उजळतं आणि एकदम विझतं. मधे क्षणभर काळोख. पुन्हा उजळतं. एक काजवा माझ्या बाहीवर उतरतो. पोटाच्या शेवटच्या दोन वळ्यांतून हिरवट पिवळा उजेड येतो, बोट जवळ नेलं तरी ऊब नाही. गवतात, पायांपाशी एक मंद ठिपका उत्तर देतोय. लुकलुकत हिंडणारा बहुतेक नर असतो. मादी खाली बसून त्याला जागा कळवते. सगळा संसार या खुणेवर चालतो आणि त्याला हातात दोन-तीन आठवडेच असतात. त्याआधीचं जवळजवळ अख्खं आयुष्य अळी होऊन ओल्या पालापाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात गेलेलं असतं.

वळणावरून एक गाडी येते. दिवे वरचे. बाबा काठी उंचावतात, गाडी थांबत नाही. उजेड झाडावरून फिरतो आणि झाड विझतं. ठेका मोडतो. इकडे एक, तिकडे एक, चुकार. गाडीतून सहा जण उतरतात, मोबाइलचे टॉर्च लावून थेट झाडाखाली गवतात शिरतात, जिथे माद्या बसल्यात तिथेच.

“कुठे आहेत काजवे? रीलमध्ये तर केवढे होते,” एक मुलगी विचारते. तिचा हिरमोड खरा आहे. एवढा प्रवास करून ती आली आहे. तिचा भाऊ म्हणतो, “फसवलं यांनी. यापेक्षा लोणावळा बरं होतं.”

पाच मिनिटांत ते परत फिरतात. ही माणसं परत येणार नाहीत, त्यांच्या ओळखीचेही येणार नाहीत. टेंटवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं ते या जागी, माझ्या डोळ्यांदेखत. भाडं कितीही पाडलं तरी हे गिऱ्हाईक परत मिळणार नाही. स्पीकर पवना धरणाच्या काठावरही आहे आणि लोणावळ्यातही. रोषणाई तर कुठल्याही लॉनवर मिळते. अकोले तालुक्यातल्या या डोंगराकडे लोणावळ्याकडे नसलेली गोष्ट एकच: कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा काळोख आणि त्या काळोखातली ही झाडं. तीच विकून टाकली तर उद्या इथे बोट आणा, नाहीतर काचेचा पूल आणा, चार वर्षांत तोही शेजारच्या तालुक्यात झालेला असेल.

परत येतो तेव्हा टेंटवर काहीतरी बदललंय. राजूरच्या गड्याने जनरेटर बंद केलाय. कंदिलांना लाल कागद गुंडाळलाय. पुण्याचं एक कुटुंब, दोन लहान मुलं, आजोबा, अंधारात चटईवर बसलंय. शेजारच्या रांगेतला स्पीकर चालूच आहे, पण तरुण पोरगा तिकडे जाऊन काहीतरी बोलतोय. आवाज थोडा उतरतो. बंद होत नाही. थोड्या वेळाने चटईवरचा लहान मुलगा उठून उभा राहतो आणि बांधावरच्या उंबराकडे बोट दाखवतो. तिथे तीन-चार काजवे आहेत, जास्त नाहीत.

आजोबा टेंटवाल्या पोराला विचारतात, “पुढच्या वर्षीचं बुकिंग आत्ताच घेता का हो?”

पोरगा वही आणायला आत जातो.

तुम्ही काजव्यांच्या दिवसांत इकडे येणार असाल, तर शनिवार टाळा, मधल्या वारी या, जेवण शेंडीत घ्या आणि झाडापासून लांब, दिवे बंद करून उभे राहा. टेंटला फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: रात्री दिवे आणि स्पीकर बंद ठेवता का? वन खात्याचं न ऐकणारा टेंटवालाही गिऱ्हाइकाने विचारलेलं ऐकतो.